केर्न्सवरून परत फिरू नका, कुकटाउनपर्यंत जा

ऑस्ट्रेलियात आई-बाबा आले की आपल्या लोकांच्या घरी साधारण एकच यादी फिरते, सिडनीचं ऑपेरा हाउस, मेलबर्नजवळचा ग्रेट ओशन रोड, मग केर्न्सला विमानाने जायचं, एक दिवस बोटीतून ग्रेट बॅरिअर रीफ, एक दिवस कुरांडाची ट्रेन, फोटो, परत. आम्ही ब्रिस्बेनला राहतो त्यामुळे केर्न्स तसं जवळ, अडीच तासांचं विमान, आणि पाहुण्यांना घेऊन आधीही जाणं झालेलं होतं. यावेळी आई-बाबा होते, आणि बाबांचं लहानपण रेवदंड्याच्या खाडीवर गेलेलं, घरात होडी होती, त्यामुळे त्यांना नुसतं काचेच्या तळाच्या बोटीत बसवून आणण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून म्हटलं यावेळी वर, केर्न्सच्याही उत्तरेला असलेल्या कुकटाउन या छोट्या गावापर्यंत जाऊ. जे पाहिलं ते लिहून ठेवते, कारण तिकडे जायचा विचार करणाऱ्याला मराठीत काहीच सापडत नाही, सगळं वाटेतल्या पोर्ट डग्लसलाच संपतं.

आधी महिना ठरवा, बाकी सगळं नंतर. नोव्हेंबर ते मे या काळात समुद्रात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी असतात, इरुकांजी ही जेलीफिश तर नखाएवढी पण तिचा डंख दवाखान्यात पोचवतो, म्हणून त्या दिवसांत किनाऱ्यावर जाळी लावून तेवढ्याच चौकोनात पोहू देतात आणि जागोजागी खांबाला, डंखावर ओतायला, व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या असतात. शिवाय डिसेंबर ते एप्रिल पाऊस आणि चक्रीवादळं, रस्ते बंद. 2023 च्या डिसेंबरात जास्पर वादळानंतर इतकं पाणी आलं की वुजल वुजल नावाचं अख्खं आदिवासी गाव रिकामं करावं लागलं, लोकांना हेलिकॉप्टरने काढलं. म्हणजे जायचं ते मे ते ऑक्टोबर. आम्ही जुलैअखेरीस गेलो, तिथला हिवाळा म्हणजे दिवसा पंचवीस-सव्वीस डिग्री, आई म्हणाली हा कसला हिवाळा, हा तर आपला डिसेंबर. फक्त एक गोष्ट कोणी सांगत नाही, या महिन्यांत आग्नेयेकडून वारा वाहतो, दिवसच्या दिवस, थांबतच नाही, आणि त्या वाऱ्याने रीफवर जाताना बोट अशी काही हलते की विचारू नका. या वाऱ्याचं पुढे परत येईलच.

गाडी केर्न्स विमानतळावरच भाड्याने घेतली. इथे एक सांगते, करारनाम्यातली बारीक अक्षरं वाचा. केप ट्रिब्युलेशनच्या पुढे किनाऱ्याने कुकटाउनला जाणारा ब्लूमफील्ड ट्रॅक आहे, कच्चा, फोर व्हील ड्राइव्हचा, नद्या गाडीतून ओलांडायच्या, भयंकर चढ, आणि भाड्याच्या साध्या गाड्यांना तो बहुतेक ठिकाणी मनाई असतो, म्हणजे काही झालं तर इन्शुरन्स गेला. काउंटरवरच्या मुलाने कागद पुढे सरकवत सही करा सही करा चाललं होतं, माझ्या नवऱ्याने शांतपणे सगळं वाचलं आणि पंधरा मिनिटं लाइन अडवून ठेवली, मला लाज वाटत होती पण बाबा जाम खूश, म्हणाले जावईबापू आमच्या वळणावर गेलेत. तर आतल्या बाजूने मलिगन हायवे आहे, तो आता पूर्ण डांबरी आहे, साधी गाडी आरामात जाते, केर्न्सपासून सव्वातीनशे किलोमीटर, चार-साडेचार तास. आम्ही मध्ये पोर्ट डग्लसला मुक्काम केला म्हणून तुकडे पडले.

पोर्ट डग्लसचं फार लिहीत नाही, त्याच्यावर भरपूर सापडतं. सुंदर आहे, महाग आहे. 1877 साली सोन्याच्या खाणींसाठी बंदर म्हणून वसलं, मग 1911 च्या चक्रीवादळात जवळजवळ सगळं भुईसपाट झालं, आज जे दिसतं ते पुढचं, आणि 1980 च्या दशकात मोठी रिसॉर्टं आली तेव्हा त्याचं आत्ताचं रूप आलं. जुनं कोर्ट वाचलंय, लाकडी, 1879 चं, आता संग्रहालय आहे, नवऱ्याच्या खुनाबद्दल एलेन थॉमसन नावाच्या बाईवर झालेल्या खटल्याची सगळी हकीगत तिथे लावलीय, 1887 साली तिला फाशी झाली, क्वीन्सलंडमध्ये फाशी दिलेली ती एकमेव बाई. आई तिथे बराच वेळ उभी राहिली आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, वकील बरा नसेल मिळाला.

आता रीफ. सकाळी बोट, दीड तास जायला, अजिनकोर्ट रीफ म्हणून आहे, अगदी बाहेरच्या कडेला, तिथे समुद्रात एक मोठा तराफा कायमचा बांधून ठेवलाय त्याला बोट लागते. निघायच्या आधी सगळ्यांना एक फॉर्म देतात. साठच्या वर वय असेल, हृदयाचा त्रास, दमा, बीपी, काही गोळ्या चालू असतील तर लिहायचं, आणि हे उगाच नाही, क्वीन्सलंडमध्ये कायद्याने तसं बघावं लागतं कारण स्नॉर्केलिंग करताना वयस्क लोकांना पाण्यातच हार्टचा त्रास होऊन मृत्यू झालेत. बाबांनी सगळीकडे झोकात "नाही" वर टिक केली. आई बाजूला बसली होती, तिला इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही पण नवरा वाचता येतो.

"अहो, बीपीची गोळी सांगितलीत का?"

"अगं ती काय रोजचीच आहे."

"रोजची आहे म्हणूनच विचारतायत ना ते!"

मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू सांग गं त्या मुलीला. सांगितलं. त्या मुलीने काही तोंड वाकडं केलं नाही, रीतसर चार प्रश्न विचारले, श्वास लागतो का, जिने चढता का, छातीत कधी दुखलंय का, आणि बाबांना पाण्यात जायची परवानगी मिळाली पण तीन अटींवर, तरंगायचं जॅकेट घालायचं, वेगळ्या रंगाची नळी लावायची म्हणजे टेहळणी करणाऱ्याला लांबून ओळखू येईल, आणि एकट्याने जायचं नाही, जोडीदार पाहिजे. बाबांना जॅकेटचा भयंकर अपमान वाटला. खाडीत पोहलेला माणूस, त्याला तुम्ही फुगा बांधता. पण एकदा पाण्यात उतरले, वारा होता, लाटा होत्या, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, नाकाने श्वास घ्यायचा नाही, आणि दोन मिनिटांत जॅकेटची तक्रार बंद झाली. अंगभर काळा चिकट सूट सगळ्यांनाच घालायला लावतात, जेलीफिश आणि ऊन दोन्हीसाठी. तो सूट घालून उभ्या असलेल्या बाबांचा फोटो मी काढलाय पण कुठे टाकायचा नाही अशी ताकीद आहे.

खाली काय दिसतं ते प्रामाणिकपणे सांगते. जाहिरातीत दाखवतात तसे गुलाबी-निळे रंग सगळीकडे नसतात. प्रवाळ बहुतेक तपकिरी, मातकट, हिरवट, मध्येच एखाद्या फांदीचं टोक जांभळं. आणि हा तपकिरी रंग असणं चांगलं, कारण तो आत राहणाऱ्या शैवालाचा असतो, ते शैवाल सूर्यप्रकाशातून अन्न करून प्रवाळाला देतं. पाणी जास्त दिवस गरम राहिलं की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं, तेच ते ब्लीचिंग, 2016, 2017, 2020, 2022, 2024, बघा किती पटापट. पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नाही, पाणी वेळेत निवलं तर सावरतं, पण दोन फटक्यांमध्ये दम घ्यायला वेळ मिळाला पाहिजे ना. आम्ही बघितलं तिथे जिवंत भाग भरपूर होता आणि मध्येमध्ये मोडक्या फांद्यांचा राखाडी खच पण होता, दोन्ही. मासे मात्र कल्पनेपलीकडे. पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडतो त्याचा कर्रकर्र आवाज पाण्याखाली चक्क ऐकू येतो. आणि मोठा शिंपला, मीटरभर लांब, ओठ निळे-हिरवे मखमली, त्याच्यावरून आपली सावली गेली की तो हळूच अंग आत घेतो. बाबा त्या शिंपल्यावर पुन्हा पुन्हा सावली पाडत होते, शेवटी जोडीदार म्हणून मला त्यांना ओढून आणावं लागलं. आई तराफ्याच्या खालच्या काचेच्या खोलीतून सगळं बघून, आल्याची वडी चघळत, कोरडीच्या कोरडी परत आली, आणि परतीच्या प्रवासात अर्धी बोट पिशव्या तोंडाला लावून बसलेली असताना ही बाई एकटी चहा पीत होती.

जंगल. मॉसमन गॉर्ज पोर्ट डग्लसपासून वीसेक मिनिटांवर, तिथे आपली गाडी खाली ठेवायची आणि त्यांच्या बसने वर जायचं. ही कुकु यलांजी लोकांची भूमी, त्यांच्यातलाच माणूस बरोबर घेऊन चालायची सोय आहे, ती घ्या, नाहीतर आपल्याला नुसती हिरवी भिंत दिसते. आमच्या वाटाड्याने सुरुवातीला धुरी दिली, मग कुठल्या झाडाची पानं चुरून पाण्यात घासली की फेस येतो, कुठलं बी विषारी आणि किती दिवस वाहत्या पाण्यात ठेवलं की खाता येतं, आणि कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे सगळं दाखवलं. ते झाड म्हणजे जिंपी, हृदयाच्या आकाराची साधी दिसणारी पानं, सह्याद्रीतल्या आग्याच्या कुळातलंच पण त्याची कुसळं कातडीत राहून महिनोन्महिने दुखतात म्हणे. वेत मात्र ओळखीचा निघाला, तसाच काटेरी, तसाच कपड्यात अडकणारा.

डेंट्री नदी तरीने ओलांडायची, पूल नाही, लोखंडी दोरावर सरकणारी सपाट फेरी आहे त्यावर गाडीसकट चढायचं. पलीकडे गेलं की रस्ता अरुंद होतो, फोनची रेंज जाते, आणि जंगल अगदी समुद्राच्या वाळूपर्यंत येतं, म्हणजे एका बाजूला 1988 साली जागतिक वारसा झालेलं जंगल आणि समोर 1981 साली वारसा झालेली रीफ, मध्ये फक्त वाळूची पट्टी. माऱ्जा म्हणून एक लाकडी पायवाट आहे, अर्धी पावसाळी जंगलातून आणि अर्धी तिवरांतून, बाबांना तिवरं बघून बरं वाटलं पण काठावर मगरीची पाटी होती म्हणून चिखलात उतरायचा मोह आवरला. खाऱ्या पाण्यातली मगर, पाच-सहा मीटरपर्यंत वाढते, ती नदीत, खाडीत, किनाऱ्यावर कुठेही असू शकते, पाटीकडे दुर्लक्ष करू नका एवढंच. कॅसोवरी नावाचा माणसाएवढा पक्षी दिसेल म्हणून आम्ही डोळे ताणून होतो, तो काही दिसला नाही, त्याची विष्ठा दिसली. रस्त्याच्या कडेला ढीगभर, जांभळट, आणि आत आवळ्याएवढ्या अख्ख्या बिया. काही झाडांच्या बिया एवढ्या मोठ्या की त्या गिळून लांब नेऊन टाकणारा दुसरा कोणी या जंगलात नाही, पक्षी गेला तर त्या झाडांची पंचाईत. आईने त्या ढिगाचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, सकाळी सकाळी, नाश्त्याच्या वेळी.

केप ट्रिब्युलेशनला डांबर संपतं. ब्लूमफील्ड ट्रॅक इथून सुरू. 1983 साली हा रस्ता करायला बुलडोझर आले तेव्हा लोक झाडांवर चढून बसले, स्वतःला जमिनीत पुरून घेतलं, रस्ता शेवटी झालाच पण त्या भांडणाने हे जंगल देशभर माहीत झालं आणि पाच वर्षांत वारसा यादीत गेलं. आम्ही तिथून गाडी वळवली, परत फेरी, परत मॉसमन, आणि माउंट मोलॉयकडे घाट चढून आतल्या हायवेला लागलो.

घाट चढला की वीस मिनिटांत सगळं बदलतं. इकडे दमट काळोखं जंगल आणि डोंगराच्या पलीकडे कोरडं माळरान, विरळ युकॅलिप्टस, माणसाच्या उंचीची वारुळं, मोकाट गुरं. पाऊस सगळा समुद्राकडच्या उतारावर पडून जातो, कोकण आणि घाटमाथ्याच्या पलीकडचा माण-खटाव यातला फरक ज्याला माहितेय त्याला समजवायला नको. पेट्रोल मिळेल तिथे भरा, पाणी ठेवा, आणि अंधार पडायच्या आत पोचा, संध्याकाळी कांगारू आणि गुरं दोन्ही रस्त्यावर येतात. वाटेत पामर नदी लागते. 1873 साली मलिगन नावाच्या माणसाने या नदीत सोनं असल्याची खबर दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, कुकटाउन म्हणून जे आहे ते, एकदम उगवलं, बोटीवर बोटी, तंबू, दारूची दुकानं, हजारो चिनी खाणकरी. हायवेला नाव त्याचंच.

पोचायच्या पंचवीसेक किलोमीटर आधी रस्त्यालगत ब्लॅक माउंटन. गाडी थांबवाच. अख्खा डोंगर म्हणजे घराएवढाल्या काळ्या दगडांचा ढीग, माती नाही, झाड नाही. दगड आतून फिकट ग्रॅनाइटचा आहे, काळा रंग वरच्या लोह-मँगनीजच्या थराचा. फटींमधून गुरं, घोडे, माणसं नाहीशी झाल्याच्या गोष्टी सांगतात, त्यातल्या किती खऱ्या देव जाणे, पण एक बेडूक, एक सापसुरळी आणि एक पाल असे तीन प्राणी फक्त याच डोंगरावर आहेत, जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. स्थानिक लोक त्याच्यावर चढत नाहीत आणि आपणही चढू नये.

कुकटाउन म्हणजे जेमतेम अडीच-पावणेतीन हजार वस्ती, शार्लट स्ट्रीट नावाचा एक रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी दुमजली हॉटेलं लोखंडी जाळीच्या गॅलऱ्यांची, आणि टोकाला नदीचं मुख आणि धक्का. आंब्याची झाडं मोहोरलेली. पहिल्या संध्याकाळी वाटलं एवढ्यासाठी एवढं लांब? दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेलो आणि तिथून पुढे मला हे गाव सोडवेना.

संग्रहालय म्हणजे 1889 मधलं कॉन्व्हेंट, आयर्लंडहून आलेल्या नन्सची शाळा होती, 1970 मध्ये राणी एलिझाबेथने त्याचं संग्रहालय म्हणून उद्घाटन केलं. आत ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजाचा नांगर आहे, खरा, आणि एक तोफ. या दोन वस्तू इथे कशा आल्या हीच सगळी गोष्ट. 11 जून 1770, रात्री अकराच्या सुमारास, चांदणं, भरती पूर्ण, आणि कॅप्टन कुकचं जहाज रीफवर चढलं. त्याच रीफच्या रांगेवर जिथे आम्ही पैसे मोजून पोहायला गेलो होतो, थोडं वर उत्तरेला. त्याला तोवर कल्पनाच नव्हती की आपण जवळजवळ तीन आठवडे किनारा आणि या भिंतीच्या मधल्या नरसाळ्यात वर वर चाललोय. जहाज हलकं करायला सहा तोफा, दगड, लोखंड, पिंपं असं 40-50 टन वजन पाण्यात फेकलं. जवळजवळ एक दिवस अडकून राहिल्यावर दुसऱ्या रात्रीच्या भरतीला सुटलं, पण भोकातून पाणी आत येतंय. मग एका तरुण अधिकाऱ्याने सुचवलं म्हणून शिडावर जुन्या दोरखंडांचा चोथा आणि लोकर शिवून ते शीड जहाजाच्या पोटाखालून ओढून घेतलं, पाण्याच्या दाबाने चोथा भोकात ओढला गेला आणि गळती आवरली. बाबा हे वाचून म्हणाले बरोबर आहे, काथ्या. मग नदीच्या मुखाशी आले पण वारा एवढा की आत शिरायला दिवस गेले, 17 जूनला आत आले, जहाज आडवं घेतलं, आणि बघतात तर भोकात प्रवाळाचा एक मोठा तुकडा तुटून अडकलेला. ज्याने भोक पाडलं त्याच्याच तुकड्याने बूच मारून जहाज वाचवलं. तो तुकडा निघून पडला असता तर कुक तिथेच संपला असता. फेकलेल्या तोफा 1969 मध्ये पाणबुड्यांनी काढल्या, नांगर 1971 मध्ये.

जहाज दुरुस्तीला आणि मग वारा पडायची वाट बघण्यात सात आठवडे गेले, 4 ऑगस्टला निघाले. आता ग्रासी हिलवर जा. गाडी जवळपास माथ्यापर्यंत जाते, वर 1886 चं छोटं लोखंडी दीपगृह आहे. कुक याच टेकडीवर चढून बाहेर पडायला वाट दिसते का बघायचा. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती आणि वारा, तोच आग्नेयेचा, टोपी धरून उभं राहावं लागत होतं, आईच्या पदराने तिचंच तोंड झाकलं गेलं. खाली नदी, तिवरं, आणि समोर समुद्रात फिकट हिरवे पट्टे, एकामागे एक, नजर जाईल तिथपर्यंत. ज्या पट्ट्यांकडे बघून आपण वा वा म्हणतो तेच बघून त्याच्या पोटात गोळा आला असणार. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत मग म्हणाले, जून-जुलैत होडी काढतात का कोणी, श्रावण संपेपर्यंत थांबायचं. इथे श्रावणाचा काय संबंध असं आई म्हणाली. पण वारा पडेपर्यंत थांबायचं हा मुद्दा बरोबरच होता, कुकही थांबलाच.

आणि आता कासवांची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितेय. नदीकाठी गुगु यिमिथिर लोक राहत. पहिले काही आठवडे ते लांबून बघत होते, मग येणं-जाणं सुरू झालं, जहाजावरच्या बँक्स या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्यांचे शब्द उतरवून घेतले. जुलैच्या मध्यात जहाजावर डझनभर कासवं पकडून ठेवलेली त्यांनी पाहिली. हे लोक म्हणाले आम्हाला एक द्या. कुकच्या माणसांनी नाही म्हटलं. यांच्या दृष्टीने समुद्र यांचा, कासवं यांची, किती धरायची त्याचे नियम यांचे, आणि पाहुण्याने वाटून खायला नको? त्यांनी एक ओढायचा प्रयत्न केला, हिसकावाहिसकवी झाली, चिडून त्यांनी काठावरचं वाळलेलं गवत पेटवलं, छावणीभोवती आग, कुकने बंदूक झाडली, एकजण जखमी झाला. आणि मग एक म्हातारा पुढे आला, हातात भाला पण टोक मोडलेला. बोलणी झाली, भाले झाडाला टेकवले, सगळे खाली बसले. तिथल्या लोकांचं म्हणणं असं की ही नदीकाठची जागा आजूबाजूच्या सगळ्या कुळांची सामायिक, इथे रक्त सांडायचं नाही हा कायदा, तो म्हातारा तो कायदा पाळत होता. एरिक डीरल म्हणून गुगु यिमिथिर समाजातले वडीलधारे होते, 1974 मध्ये क्वीन्सलंडच्या विधानसभेत निवडून गेलेले पहिले आदिवासी आमदार, त्यांनी कुक-बँक्सच्या डायऱ्या आणि घरात ऐकलेलं असं दोन्ही समोर ठेवून ही बाजू मांडली. जिथे ही बोलणी झाली ते खडक अजून आहेत, लहानच आहेत, रस्त्याच्या कडेला, पाटी नसेल तर कोणी बघणारही नाही.

हे वाचून लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. शंभर वर्षांनी सोन्यासाठी आले त्यांच्या हातात वाटाघाटीचा धीर नव्हता, 1873 मध्येच पामरच्या वाटेवर बॅटल कॅम्पला बंदुका चालल्या. 1942 मध्ये युद्धाचं निमित्त करून या लोकांना मिशनमधून उचलून शेकडो मैल दक्षिणेला वूराबिंडाला नेऊन टाकलं, बरेच जण तिथल्या थंडीत आणि आजारात मेले, परत यायला 1949 उजाडलं. धक्क्याजवळ मिल्बी वॉल म्हणून फरशांची लांब भिंत आहे, तिच्यावर हे सगळं त्यांनी स्वतः चितारलंय, संग्रहालयाआधी ती बघितली तरी चालेल.

शार्लट स्ट्रीटवर आणखी दोन गोष्टी. एक तोफ, एंडेव्हरची नव्हे, 1885 साली रशियन येणार या भीतीने गावाने ब्रिस्बेनकडे शस्त्रं आणि जाणता अधिकारी मागितला, तर आलं काय, 1803 मधली एक तोफ, तीन गोळे, दोन रायफली आणि एक अधिकारी. सरकारी काम सगळीकडे सारखंच. आणि दुसरं मेरी वॉटसनचं स्मारक. लिझर्ड बेटावर समुद्रकाकड्या, म्हणजे समुद्रतळावरचे काकडीसारखे दिसणारे प्राणी, उकळून वाळवायच्या धंद्यात नवरा, तो बाहेर गेलेला, 1881 मध्ये बेटावर हल्ला झाला, ती तान्ह्या मुलाला आणि जखमी नोकर आह सॅमला घेऊन समुद्रकाकड्या उकळायच्या लोखंडी टाकीत बसून समुद्रात निघाली आणि तिघंही तहानेने गेले. ज्या बेटावर ते धंदा करत होते ते डिंगाल लोकांचं पवित्र ठिकाण होतं हे कोणी लक्षात घेतलं नाही, आणि नंतर सूड म्हणून ज्यांचा काही संबंध नव्हता अशा आदिवासींना मारलं. तिचं स्मारक म्हणून गावाने 1886 मध्ये पाणपोई बांधली. तहानेने मेलेल्या बाईसाठी. आई तिथे हात जोडून पुढे गेली.

जेवणाचं म्हणाल तर धक्क्यावर मासे मिळतात आणि लोक गळ टाकून बसलेले असतात. मेनूवर बारामंडी बघून बाबांनी विचारलं हे काय, फोटो दाखवला, तर म्हणाले हा तर जिताडा. आणि खरंच तोच मासा, तीच जात, आमच्या पेण-अलिबागकडे खाडीतला जिताडा म्हणजे सोयऱ्यांना खास द्यायची वस्तू. इथे तो तळून बटाट्याच्या फोडींबरोबर कागदात गुंडाळून देतात. आईच्या मते हा गुन्हा आहे. जिताड्याला आंबट-तिखट रस्साच पाहिजे. दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या स्वयंपाकघरात बरोबर आणलेला मसाला आणि आगळ काढून तिने रस्सा केला, शेजारच्या खोलीतलं टास्मानियाचं म्हातारं जोडपं वास घेत आलं, त्यांनाही वाटीभर दिला, त्यांनी बदल्यात अर्धा केक दिला आणि कुठल्या पंपावर पेट्रोल स्वस्त ते सांगितलं.

परतताना हेलनवेलला लायन्स डेन नावाच्या जुन्या पबमध्ये थांबलो, 1875 पासूनचा, पत्र्याच्या भिंती, त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नावं खरडलेली. बाबांना तिथे मार्कर दिला कोणीतरी. त्यांनी देवनागरीत रेवदंडा लिहिलं, मग आईने खाली आपल्या माहेरचं गाव लिहिलं, मोठ्या अक्षरात.